कढईचा कान आणि विमानाची पाठ

दोस्तांनो, आज पुढे वाचण्याआधी एक छोटंसं काम करा. स्वयंपाकघरात जा आणि कढई हातात घ्या. (थंड आणि रिकामी असेल तरच हं! नाहीतर ओरडा तुम्हाला बसेल आणि खापर आमच्या डोक्यावर फुटेल.) आता कढईच्या कानाकडे नीट बघा. बऱ्याच कढयांच्या कानाजवळ दोन-दोन चपटे गोल ठिपके दिसतील. आतल्या बाजूला बघा, तिथेही तसेच दोन ठिपके. तेलाने भरलेली जड कढई आपण रोज या दोन-चार ठिपक्यांच्या भरवशावर उचलतो!

आता घरभर फिरा. लोखंडी बादलीची कडी जिथे अडकवलेली असते तो कान बघा. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक बघा. आमरसाचा सीलबंद डबा बघा. या सगळ्या वस्तू धातूच्या दोन किंवा अधिक तुकड्यांच्या बनलेल्या आहेत. पण ते तुकडे जोडले कसे?

लाकूड जोडायला खिळा, कागद जोडायला डिंक, कापड जोडायला सुई-दोरा. आणि धातू? तुम्ही लगेच म्हणाल, "वेल्डिंग!" बरोबर आहे. ठिणग्या उडवत, धातू वितळवून जोड करतात, ते तुम्ही रस्त्याकडेच्या दुकानात पाहिलेलं असतं. पण वेल्डिंग सगळीकडे चालत नाही. पत्रा पातळ असेल तर उष्णतेने वाकडातिकडा होतो. गंज लागू नये म्हणून पत्र्यावर जस्ताचा थर दिलेला असतो, तो जोडाच्या जागी जळून जातो. आणि ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादाच्या पत्र्याला नेहमीच्या वेल्डिंगने जोडायला गेलं, तर जोड काचेसारखा ठिसूळ होतो. मग कारखानदार काय करतात? धातू न वितळवता, नुसता दाबून, दुमडून, ठोकून जोडतात. आज आपण याच करामती बघणार आहोत.

वाकेल, पण परत येणार नाही

आधी एक प्रयोग. कागदाला लावायची तारेची क्लिप घ्या. तिचं एक टोक अगदी किंचित उचला आणि सोडा. टोक परत जागेवर येतं. या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात, हे तुमच्यातल्या मोठ्या मुलांनी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. आता तेच टोक चांगलं जोर लावून वाकवा आणि सोडा. थोडंसं मागे येईल, पण पूर्वीच्या जागी येणार नाही. तारेने नवा आकार धरला!

बस्स, आजच्या सगळ्या गोष्टीचं मर्म एवढंच आहे. धातूवर ठरावीक मर्यादेच्या पुढे जोर लावला, की तो नवा आकार धरतो आणि तो सोडत नाही. खडूला हे जमत नाही, तो मोडतो. रबराला जमत नाही, ते परत मूळ आकाराला येतं. धातूला जमतं. म्हणूनच पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर तांब्याच्या पत्र्यावर ठोके देत देत त्याचा हंडा करू शकतात, आणि म्हणूनच मोटारीच्या कारखान्यातला प्रचंड प्रेस एका दाबात सपाट पत्र्याचं दार करू शकतो. हातोडा काय आणि प्रेस काय, तत्त्व एकच.

प्रेसचे दोन मुख्य भाग लक्षात ठेवा. वरून खाली येतो तो पंच, आणि खाली पक्का बसवलेला असतो तो साचा, म्हणजे डाय. मध्ये पत्रा. पंच खाली आला की पत्रा डायचा आकार घेतो.

"आम्ही कुठे प्रेस बघायला जाणार?" असं म्हणू नका. एक प्रेस तुमच्या दप्तरातच असेल. स्टेपलर! वरची पट्टी पिन खाली ढकलते, तो पंच. खाली लोखंडी तुकड्यावर दोन छोट्या खाचा आहेत, ती डाय. पिनेचे पाय कागद भेदून खाचांत शिरतात आणि आत वळतात. पिनेने नवा आकार धरला, कागद अडकले. आधी भोक पाडावं लागलं नाही, डिंक लागला नाही, वाळायची वाट बघावी लागली नाही. हा स्टेपलर विसरू नका, पुढे तो मोटारीच्या कारखान्यात भेटणार आहे.

पंचवीस लाख ठिपके

कढईच्या कानावरचे ते ठिपके म्हणजे रिव्हेटची डोकी. रिव्हेट म्हणजे एका बाजूला डोकं असलेला, बिनआट्यांचा, छोटा जाड खिळाच म्हणा ना. दोन पत्र्यांना एकासमोर एक भोकं पाडायची, त्यातून रिव्हेट घालायचा आणि बाहेर आलेलं टोक ठोकून किंवा दाबून त्याचं दुसरं डोकं करायचं. झाला जोड! आता दोन्ही डोकी भोकांपेक्षा मोठी, त्यामुळे रिव्हेट ना इकडून निघत, ना तिकडून.

पॅरिसचा आयफेल टॉवर चित्रात तुम्ही पाहिलाच असेल. तो १८८९ मध्ये पूर्ण झाला. लोखंडाचे १८ हजारांहून अधिक सुटे भाग आणि ते जोडायला २५ लाख रिव्हेट! त्यातले साधारण एक तृतीयांश रिव्हेट प्रत्यक्ष जागेवर बसवले, बाकीचे कारखान्यातच. एका रिव्हेटसाठी चार माणसांची टोळी लागायची. एकजण रिव्हेट भट्टीत तापवणार, दुसरा तो भोकात घालून धरून ठेवणार, तिसरा त्याच्या डोक्याला आकार देणार आणि चौथा घणाचे घाव घालणार. आणि हे सगळं जमिनीपासून उंच, वाऱ्यात!

तापवायचा कशाला? तापलेला रिव्हेट मऊ असतो, हे एक कारण. दुसरं कारण फार गमतीचं आहे. तापलेला धातू प्रसरण पावतो आणि थंड होताना आकुंचन पावतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. लालबुंद झालेला ५० मिलिमीटर लांबीचा पोलादी रिव्हेट थंड होताना जवळजवळ अर्धा मिलिमीटर आखूड होऊ पाहतो. पण दोन्ही बाजूंना डोकी आहेत आणि मध्ये जाड पत्रे! मग तो त्या पत्र्यांना करकचून आवळतो. म्हणजे माणसं घाव घालून थांबली, तरी रिव्हेटचं काम पुढे चालूच राहतं.

आपल्याकडेही याचं एक झकास उदाहरण आहे. कोलकात्याचा हावडा पूल. १९४३ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. त्याला सुमारे २६,५०० टन पोलाद लागलं आणि त्यातलं २३ हजार टन टाटांच्या कारखान्यातून आलं होतं. तो पूलही रिव्हेटांनीच जोडलेला आहे.

आता विचार करा, पत्र्याच्या मागच्या बाजूला हात पोचतच नसेल तर? उदाहरणार्थ, बंद नळीवर पट्टी बसवायची आहे. तिथे पॉप रिव्हेट वापरतात. तो पोकळ असतो आणि त्याच्यातून एक खिळा गेलेला असतो. पुढूनच यंत्राने खिळा ओढला, की खिळ्याचं डोकं पोकळ रिव्हेटला मागच्या बाजूला फुगवतं. फुगवटा तयार झाला की खिळा 'टप्' असा आवाज करून तुटतो. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणाऱ्या माणसाजवळ हे यंत्र असतं. पुढच्या वेळी कान देऊन ऐका.

आणि विमानात तर याहून मजा! विमानातले काही जातीचे रिव्हेट तापवून, एकदम थंड करून, चक्क बर्फासारख्या थंडगार फ्रीजमध्ये ठेवतात. ते ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि नेहमीच्या तापमानाला ठेवले तर आपोआप कडक होत जातात. फ्रीजमध्ये ते मऊ राहतात. बाहेर काढले, की कडक व्हायच्या आत झटपट बसवायचे.

बोटांत बोटं अडकवा

दुसरी करामत दुमडण्याची. दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवा आणि एका हाताचे आकडे दुसऱ्या हाताच्या आकड्यांत अडकवा. आता हात विरुद्ध दिशांना ओढा. सुटतात का? नाही! पत्र्याच्या कडा अशाच एकमेकींत अडकवून, वरून दाबून सपाट केल्या, की पक्की शिवण तयार होते. पत्र्याचे डबे करणारे कारागीर हेच करतात.

सीलबंद डब्याचं झाकणही असंच बसवतात. आपल्या कोकणातला हापूसचा रस ज्या डब्यात भरून दूरदेशी जातो ना, त्या डब्याची वरची कड बघा. डब्याच्या अंगाची कड बाहेर वळवलेली असते आणि झाकणाची कड खाली वळवलेली. मग एक फिरकी येते आणि झाकणाची कड डब्याच्या कडेखाली आत सरकवते. लगेच दुसरी फिरकी येते आणि ती घडी दाबून घट्ट करते. या जोडात पत्र्याचे पाच थर असतात, तीन झाकणाचे आणि दोन डब्याच्या अंगाचे. हवा जाऊ नये म्हणून मध्ये रबरासारख्या पदार्थाचा पातळ थरही असतो.

ही घडी काटेकोर नसेल तर काय होईल? नुसता रस गळेल, एवढंच नाही. बारीकशा फटीतून जंतू आत शिरतील. डबा भरल्यावर पुरेसा तापवला गेला नसेल, तर आतले जंतूही वाढू शकतात. काही जंतू तर हवा नसतानाच वाढतात आणि जिवावर बेतेल असं विष तयार करतात. म्हणून फुगलेला, गळका किंवा कडेला चेमटलेला डबा कधीही खाण्यासाठी उघडू नका. चव घेऊन बघायचा मोह तर मुळीच नको. घरातल्या मोठ्यांना दाखवा आणि सरळ टाकून द्यायला सांगा.

मोटारीच्या दाराची कडही बोटाने चाचपून बघा. बाहेरच्या सुंदर रंगवलेल्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर वळवून दाबलेली असते. साडीला फॉल लावताना किंवा पॅन्टची खालची पट्टी दुमडताना कापड आत घेतात ना, अगदी तस्संच. त्यामुळे कड धारदार राहत नाही आणि बाहेरून जोडाची एकही खूण दिसत नाही.

टिचबटण आणि न पाडलेलं भोक

तिसरी करामत ऐकून तुम्ही चाट पडाल. रिव्हेट नाही, स्क्रू नाही, भोक नाही, तरी दोन पत्रे जोडायचे! फ्रॉकचं टिचबटण आठवा. एका भागाचा फुगीर गड्डा दुसऱ्याच्या खळग्यात 'टिच्' करून बसतो आणि ओढल्याशिवाय निघत नाही. कारखान्यात दोन पत्रे एकावर एक ठेवतात आणि वरून गोल पंच दाबतात. दोन्ही पत्रे खालच्या डायच्या खळग्यात वाटीसारखे दबतात. खळग्याच्या तळाला पोचल्यावर धातूला पुढे जायला जागाच उरत नाही. मग तो बाजूंना पसरतो. वरच्या पत्र्याची वाटी आत रुंद होते आणि खालच्या पत्र्याच्या वाटीत अडकून बसते. हे न निघणारं टिचबटण! याला क्लिंचिंग म्हणतात. धुलाईयंत्राच्या पाठीवर किंवा पत्र्याच्या कपाटाच्या आत हरभऱ्याएवढे गोल खळगे दिसले, तर समजा की इथे टिचबटणं लावली आहेत.

आता आपला स्टेपलर परत आणू या. एका मजबूत पोकळ रिव्हेटला जोरदार दाबाने पत्र्यावर ढकललं तर? तो वरचा पत्रा भेदतो, खालच्या पत्र्यात शिरतो आणि तिथे त्याचे पाय फुलासारखे बाहेर फाकतात. गंमत म्हणजे तो खालच्या पत्र्याच्या पार बाहेर येत नाही, त्यामुळे पाणी झिरपायला वाट मिळत नाही. आधी भोक पाडायला नको, की दोन भोकं समोरासमोर जुळवायला नको. ॲल्युमिनियमच्या मोटारी याच रिव्हेटांमुळे मोठ्या संख्येने बनवता आल्या. २००३ मध्ये आलेल्या जग्वार एक्सजे या मोटारीच्या सांगाड्यात असे ३ हजारांहून अधिक रिव्हेट होते, आणि जोडीला खास डिंकही!

आणखी एक छोटा वीर सांगतो. संगणकाच्या पेटीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड. त्यात स्क्रू बसवायचा तर आटे पाडायला हवेत. पण ४ मिलिमीटरच्या नेहमीच्या स्क्रूचे आटे एकमेकांपासून ०.७ मिलिमीटरवर असतात. म्हणजे एवढ्या पातळ पत्र्यात धड दीड आटासुद्धा मावत नाही. स्क्रू दोनदा आवळला की आटे गेलेच! मग पत्र्याला भोक पाडून त्यात एक कडक नट दाबून बसवतात. नटाच्या अंगाला एक खाच असते. दाबाने पत्र्याचा धातू त्या खाचेत वाहत जातो आणि नट कायमचा अडकतो. धातू 'वाहतो' हा शब्द चुकून लिहिलेला नाही बरं का! न वितळताही, पुरेशा दाबाखाली घट्ट धातू मळलेल्या कणकेसारखा सरकतो.

एक प्रवासी काही बोलला नाही

आता जरा गंभीर गोष्ट. आधी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घ्या. त्यांची टोकं एकमेकांवर ठेवून एक पिन मारा. पट्ट्या सरळ विरुद्ध दिशांना ओढा. जोड चांगला टिकतो. आता पट्ट्यांची टोकं केळ्याची साल सोलावी तशी अलग करा. जोड चटकन सुटतो! पहिल्या वेळी पिनेचे पाय आडवे कापले जायला हवेत, तरच जोड तुटेल. दुसऱ्या वेळी ते नुसते सरळ झाले की पुरे. म्हणून हुशार इंजिनिअर फक्त जोड मजबूत करत नाही, तर जोडावर जोर कोणत्या दिशेने येईल तेही आधी ठरवतो.

पण अजून एक शत्रू असतो. सुरुवातीची क्लिप पुन्हा घ्या आणि एकाच जागी मागे-पुढे, मागे-पुढे वाकवत राहा. थोड्या वेळात ती तुटेल. एका वाकवण्याने न तुटणारी तार पुन्हापुन्हाच्या वाकवण्याने तुटली. याला धातूचा थकवा म्हणतात. जोर अगदी कमी असला तरी तो हजारो वेळा आला, तर हेच होऊ शकतं.

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांमध्ये अलोहा एअरलाइन्सचं एक बोइंग ७३७ विमान हिलोहून होनोलुलूला निघालं होतं. ते १९६९ मध्ये बनलेलं होतं आणि जवळच्या बेटांमधल्या छोट्या छोट्या फेऱ्या करत त्याने जवळजवळ ९० हजार उड्डाणं केली होती. विमान वर गेलं की आत हवेचा दाब भरतात आणि खाली आलं की तो उतरतो. म्हणजे विमानाची पाठ प्रत्येक उड्डाणात फुग्यासारखी किंचित फुगते आणि परत बसते. ९० हजार वेळा!

त्या विमानाच्या पाठीचे पत्रे एकमेकांवर थोडे चढवून डिंकाने आणि रिव्हेटांच्या रांगांनी जोडलेले होते. दमट हवेने काही ठिकाणी डिंक सुटला आणि सगळा भार रिव्हेटांवर आला. प्रत्येक भोकाच्या कडेला केसासारख्या बारीक चिरा पडत गेल्या. पोस्टाच्या तिकिटांमध्ये भोकांची रांग असते ना? तिकीट तिथेच फाटतं. तसंच झालं. २४ हजार फूट उंचीवर विमानाच्या पुढच्या भागाचं साडेपाच मीटर लांबीचं छप्पर उडून गेलं. डोक्यावर उघडं आकाश! वैमानिकांनी कमालीच्या धैर्याने ते विमान माउई बेटावर उतरवलं. विमानात ९५ जण होते. त्यांतले ९४ वाचले. उभी राहून प्रवाशांची सेवा करणारी एक हवाई सुंदरी मात्र बाहेर खेचली गेली आणि तिचा अंत झाला.

नंतर चौकशीत एक गोष्ट पुढे आली. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ पत्र्याला चीर दिसली होती. पण त्यांनी ती कुणालाच सांगितली नाही. त्यांना काय वाटलं असेल? 'एवढ्या मोठ्या विमानाची काळजी घेणारे लोक आहेत, मी कोण सांगणारी?' आपल्यालाही असंच वाटतं, नाही का? शाळेच्या घसरगुंडीचा रिव्हेट निघालेला दिसतो, बसच्या आसनाचा पत्रा हलताना दिसतो आणि आपण पुढे जातो. तसं करू नका. सांगा. हसले तर हसू देत.

त्या अपघातानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम खूप कडक झाले. डोळ्यांना न दिसणारी चीर शोधणारी विजेवर चालणारी उपकरणं आता रिव्हेटांच्या रांगांवरून फिरवतात.

दोन बटणं कशाला?

शेवटी, जोड करणाऱ्या हातांबद्दल. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, अशा ठिकाणी तुमच्यापैकी कुणाचे आई-बाबा, काका, मामा प्रेसवर काम करत असतील. प्रेस पत्रा आणि बोट यांत फरक करत नाही. आपल्या देशात सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यांत प्रेसखाली बोटं गमावणारे कामगार आजही आहेत. खरं तर १९४८ च्या कारखाना कायद्यातच यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण हवं, असं स्पष्ट म्हटलं होतं.

चांगल्या प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबली तरच पंच खाली येतो. का? कारण दोन्ही हात बटणांवर असतील, तर एकही हात पंचाखाली असणार नाही! किती साधी आणि किती मोठी युक्ती! पण काम भराभर उरकायचं म्हणून कुणी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं तर? इंजिनिअरांनी त्याचाही विचार केला आहे. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली आणि दर खेपेला दोन्ही सोडली गेली, तरच यंत्र पुन्हा चालतं. काही प्रेसवर प्रकाशकिरणांचा अदृश्य पडदाही असतो. हात मध्ये आला, किरण अडला, प्रेस थांबला.

आज घरी कुणी कारखान्यातून आलं, तर त्यांना विचारा, "तुमच्या प्रेसला दोन बटणं आहेत का? दोन्ही चालू आहेत ना?" प्रश्न तुमचा असेल, पण तो त्यांच्या बोटांसाठी फार मोलाचा आहे.

आणि जाता जाता डोक्याला खाद्य. सांडशीचे दोन पाय एकाच रिव्हेटने जोडलेले असतात आणि कढईचा कानही रिव्हेटनेच. कढईचा रिव्हेट सैल झाला तर कढई दुरुस्तीला टाकतो. पण सांडशीचा रिव्हेट कढईइतकाच घट्ट ठोकला, तर सांडशीचं काय होईल? आणि कात्रीत रिव्हेटऐवजी स्क्रू का लावतात? दोन्ही वस्तू समोर ठेवून विचार करा. उत्तर हाताला आधी सापडेल, मग डोक्याला!